चालते, चालत नाही : एका यादीचा इतिहास

आमच्या लहानपणी घरात शिवणाचे यंत्र होते. त्याची बॉबिन हरवली की आई मला बाजारात पिटाळी. पण नुसते "बॉबिन आण" असे सांगून कधी पाठवीत नसे. दुसरी एक जुनी बॉबिन रुमालाच्या टोकाला बांधून देई आणि बजावी, "हिच्याशी ताडून घे. दुकानदार म्हणेल सगळ्या मशिनींना चालते, त्याचं ऐकू नकोस." कंदिलाच्या काचेचे तेच, स्टोव्हच्या बर्नरचेही तेच. दिसायला एकसारखी दिसणारी वस्तू नेमक्या जागी बसते की नाही, हे बसवून पाहिल्याखेरीज कळत नाही. आणि ज्याने बसवून पाहिले आहे, त्याचा शब्द विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा मोलाचा असतो.

आज ज्या यादीचा इतिहास मी आपल्याला सांगणार आहे, ती याच शहाणपणातून निघालेली आहे. लिनक्स नावाची जी मुक्त संगणक-प्रणाली आहे, ती कोणत्या यंत्रभागांबरोबर चालते, कोणत्यांबरोबर अर्धीमुर्धी चालते आणि कोणत्यांबरोबर मुळीच चालत नाही, याची ही यादी. आपण म्हणाल, यादीला कसला आला आहे इतिहास? वाण्याच्या यादीचा कोणी इतिहास लिहितो का? पण या यादीच्या पाठीशी एक मोठा प्रश्न उभा आहे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राच्या पोटात काय चालते, हे जाणून घेण्याचा हक्क त्याच्या मालकाला आहे की नाही? गेली तीसपस्तीस वर्षे जगभरची हजारो माणसे या प्रश्नाचे उत्तर एकेक ओळ लिहून देत आली आहेत.

आधी थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकाच्या पेटीत अनेक भाग असतात : चित्र दाखविणारे कार्ड, आवाज काढणारे कार्ड, जाळ्याशी जोडणारे कार्ड, माहिती साठविणारी डिस्क. प्रत्येक भाग वेगळ्या कारखान्यातून आलेला. या साऱ्यांकडून काम करून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम ही घरच्या कारभाऱ्यासारखी असते. पण या कारभाऱ्याला प्रत्येक भागाची भाषा येत नाही. म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डावर क्रमांक घातलेले लहान लहान कप्पे असतात असे समजा. अमुक कप्प्यात अमुक आकडा ठेवला की पडद्यावर ठिपका उमटतो, तमुक कप्प्यात तमुक आकडा ठेवला की आवाज निघतो. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा, हे कार्डाकडे नुसते बघून समजत नाही. ते कारखानदाराच्या तांत्रिक पुस्तिकेत लिहिलेले असते.

बाजारात विंडोजचे राज्य होते, तेव्हा कारखानदार विंडोजपुरता दुभाष्या आपणच तयार करून फ्लॉपीवर किंवा सीडीवर खोक्यात घालून देत. लिनक्ससाठी अशी फ्लॉपी कोणी घालीत नसे. ज्यांना लिनक्स चालवायचे, त्यांनी आपला दुभाष्या आपणच लिहावा. त्यासाठी पुस्तिका हवी. आणि पुस्तिका मागितली म्हणजे कारखानदार ती देईलच असे नाही. साऱ्या भांडणाचे मूळ हे.

या भांडणाची पहिली ठिणगी लिनक्सच्याही आधीची आहे. १९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण प्रोग्रामर काम करीत. त्यांच्याकडच्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. यंत्र एका मजल्यावर आणि माणसे दुसऱ्या मजल्यांवर. तेव्हा स्टॉलमन यांनी त्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये बदल करून अशी सोय केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना यावी. पुढे झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला नवे लेसर छपाईयंत्र दिले. तेही अडके; पण त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता काही मिळेना, म्हणून ती जुनी सोय नव्या यंत्रात करता येईना. संहिता कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका गृहस्थांपाशी आहे असे कळले. स्टॉलमन यांनी त्यांची गाठ घेतली. उत्तर मिळाले : देता येणार नाही, कुणाला न देण्याच्या करारावर सही केली आहे. दारातल्या यंत्राचे दुखणे कळते, औषधही ठाऊक आहे, पण हात लावायची चोरी! १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त प्रणालीच्या कामाची घोषणा केली. त्या निर्णयामागच्या कारणांत ही छपाईयंत्राची गोष्ट ते नेहमी सांगतात.

आता १९९१ साल घ्या. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी ३८६ जातीच्या आपल्या नव्या संगणकासाठी एक प्रणाली लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने संगणकाच्या जाळ्यावरून इतर हौशी मंडळींना एक छोटासा संदेश पाठविला. तो संदेश पुढे फार प्रसिद्ध झाला. हा केवळ छंद आहे, याचे पुढे काही मोठे होणार नाही, असे त्यात लिहिले होते, तेवढेच लोक लक्षात ठेवतात. पण शेवटची ओळ मला अधिक महत्त्वाची वाटते. आपली प्रणाली एटी पद्धतीच्या हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कशाला बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढीच आहे, असे त्याने सरळ सांगून टाकले होते. म्हणजे बघा, प्रणाली लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच तिची यादी लिहिली गेली, आणि त्या यादीत एकच नोंद होती. सप्टेंबरात आलेल्या पहिल्या आवृत्तीत कळफलकही फक्त फिनिश भाषेचाच चाले! लेखकाच्या टेबलावर जे होते ते चाले, जे नव्हते ते चालत नसे.

मग ही प्रणाली पसरली कशी? तर टेबले वाढली म्हणून. ज्याच्याकडे जर्मन कळफलक होता त्याने जर्मन कळफलकाचा भाग लिहून धाडला. ज्याच्याकडे वेगळ्या जातीची डिस्क होती त्याने तिचा दुभाष्या लिहिला. अमेरिकेच्या नासा या अंतराळ-संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी जाळ्याच्या कार्डांसाठी एकामागून एक इतके ड्रायव्हर लिहिले, की त्या काळी लिनक्सचा संगणक जाळ्याला जोडला गेला की त्यात बेकर यांचा हात असण्याचा संभव मोठा. १९९४ मध्ये त्यांनी आणि टॉमस स्टर्लिंग यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक अशाच कार्डांनी एकत्र बांधले आणि त्यांच्याकडून महासंगणकाच्या जातीची कामे करून घेतली. बेवुल्फ म्हणून तो जुडगा ओळखला जातो. महागड्या यंत्रांची मक्तेदारी मोडायला स्वस्त कार्डांची नीट माहिती कशी उपयोगी पडते, याचे ते उदाहरण आहे.

मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती आली. तोवर कोणते कार्ड चालते आणि कोणते नाही, हे कोणा एकाच्या डोक्यात राहण्याजोगे उरले नव्हते. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट या नावाने काही हौशी मंडळी एकेका विषयावर ‘हाउटू’ म्हणजे ‘हे कसे करावे’ अशा पुस्तिका लिहीत असत. त्यातच यंत्रभागांच्या मेळाची एक पुस्तिका होती : हार्डवेअर कंपॅटिबिलिटी हाउटू. साधा टंकित मजकूर, चित्र नाही की रंग नाही. मदरबोर्ड, चित्रकार्ड, डिस्कचे नियंत्रक, जाळ्याची कार्डे, आवाजाची कार्डे, सीडी वाचणारी यंत्रे, टेपयंत्रे, माउस, मोडेम, छपाईयंत्रे असे विभाग, आणि प्रत्येकाखाली नावांच्या रांगा. जे चालते ते एका ठिकाणी. ज्याचा ड्रायव्हर अजून कच्चा आहे ते वेगळे. आणि शेवटी जे चालत नाही त्याची स्वतंत्र नोंद. यादी पूर्ण नाही, चूक आढळल्यास कळवा, अशी विनंतीही बरोबर असे.

ही यादी कंपनीच्या जाहिरातीहून वेगळी होती, ती त्या शेवटच्या विभागामुळे. जाहिरातीत ‘चालत नाही’ हे शब्द आपण कधी वाचले आहेत का? विकणाऱ्याला ते परवडत नाही. यादी लिहिणाऱ्यांना मात्र विकायचे काहीच नव्हते. एखाद्याने रात्र जागून एक कार्ड चालवायचा खटाटोप केला आणि ते चालले नाही, तर त्याची ती फुकट गेलेली रात्र त्या एका ओळीमुळे दुसऱ्या शंभर जणांच्या कामी येई. अपयश लिहून ठेवण्याला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. इथे अपयशाची नोंद हाच यादीचा आत्मा होता.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण छपाईयंत्रांचे. ग्रँट टेलर नावाच्या गृहस्थांनी छपाईविषयीचे हाउटू लिहिले आणि त्याला जोडून छपाईयंत्रांची मोठी जंत्री सुरू केली. पुढे ती ओपनप्रिंटिंग या उपक्रमात सामील झाली. तीत प्रत्येक यंत्राला शाळेतल्या मुलासारखी श्रेणी देत. ‘उत्तम चालते’ ही पहिली, ‘बहुतांशी चालते’ ही दुसरी, ‘थोडेफार चालते’ ही तिसरी. आणि चौथी श्रेणी होती ‘पेपरवेट’! म्हणजे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायच्या कामाचे. कित्येक स्वस्त छपाईयंत्रांना स्वतःची बुद्धी नसे. पानाची मांडणी सगळी विंडोजने करून द्यावी आणि यंत्राने नुसते ठिपके उठवावेत, अशी त्यांची रचना. त्या ठिपक्यांची बोली कारखानदाराने गुप्त ठेवली, की यंत्र पेपरवेट झालेच. हा शेरा वाचून हसू येते. पण तो वाचून किती जणांचे पैसे वाचले असतील याचाही विचार करावा.

आपल्याकडे ही यादी किती उपयोगी पडली ते मी स्वानुभवाने सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या. घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून मोडेम लावण्याचे ते दिवस. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक स्वस्तसा मोडेम आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोडेम म्हणजे मोडेम, सगळीकडे चालतो." तीन रात्री मी त्याच्याशी झगडलो. चौथ्या दिवशी एका स्नेह्याने यादीचे छापील पान पुढे केले. त्यात अशा मोडेमांना ‘विनमोडेम’ म्हटले होते, आणि ते घेऊ नयेत असे बजावले होते. खऱ्या मोडेमात टेलिफोनच्या सुरांचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप असते. या स्वस्त प्रकारात ती गाळून ते काम संगणकाच्याच डोक्यावर टाकलेले असे, आणि ते करणारा प्रोग्राम फक्त विंडोजसाठी. बाहेरून तारेने जोडायचा मोडेम मात्र बिनबोभाट चाले. त्या वेळी मला आईची बॉबिन आठवली. दुकानदार खोटे बोलला असे नाही. त्याने बसवून पाहिले नव्हते, इतकेच.

यादी करणाऱ्यांना लवकरच एक अडचण जाणवली. खोक्यावरचे नाव आणि आतली चिप यांचा मेळ असेलच असे नाही. नाव तेच ठेवून कारखानदार आतला ऐवज बदलतो. याला उतारा सापडला तो यंत्रभागांनी स्वतःच सांगितलेल्या क्रमांकात. १९९० च्या दशकात आलेल्या पीसीआय पद्धतीत प्रत्येक कार्ड विचारल्यावर दोन क्रमांक सांगते : एक कारखानदाराचा, एक वस्तूचा. इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६. १९७८ साली तिने काढलेल्या ज्या प्रोसेसरपासून आजच्या पीसीचा वंश सुरू झाला, त्याचेच हे नाव. कुलवृत्तांतातली खूणच म्हणा ना! झेक प्रोग्रामर मार्टिन मारेश यांनी हे क्रमांक वाचून दाखविणारी साधने लिहिली आणि कोणता क्रमांक कशाचा याची जंत्री चालविली. तिच्यात नोंदी भरणारेही पुन्हा आपल्यासारखे वापरणारेच. पुढे पुढे यादीचा मोठा भाग प्रणालीच्या पोटातच गेला. आज लिनक्स सुरू होताना प्रत्येक भागाचा क्रमांक विचारून त्याचा दुभाष्या आपण होऊन शोधते, ते या जोरावर.

नाव तेच आणि आत वेगळे, याचा एक नमुना पाहा. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी हा घरगुती वायफाय राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्सचीच संहिता वापरली आहे असे चौकस मंडळींनी हुडकून काढले. आणि परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये ती प्रसिद्ध करावी लागली. तिच्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची मुक्त प्रणाली जन्मली. लोक तो राउटर मुद्दाम घेऊ लागले. २००५ मध्ये कंपनीने याच नावाखाली पाचवी आवृत्ती काढली : स्मृती निम्मी, आणि लिनक्सच्या जागी दुसरीच प्रणाली. खोके पाहून घेणारे फसले. यादी वाचणारे मात्र खोक्याच्या तळाशी चिकटविलेला आवृत्तीचा आकडा वाचूनच पैसे देत. मौज अशी, की गिऱ्हाईक कुठे चालले आहे हे कंपनीनेही ओळखले, आणि लिनक्सवाल्या जुन्या घडणीचा राउटर नावापुढे ‘एल’ अक्षर जोडून निराळा विकायला ठेवला. त्या एका अक्षरामागे यादी वाचणाऱ्यांचे वजन होते.

हे सगळे ठीक. पण पुस्तिकाच मिळत नसेल तर? तिथे फार चिकाटीची कामे झाली आहेत. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपा अनेक लॅपटॉपांत असत, आणि लिनक्ससाठी त्यांची माहिती बाहेर येत नसे. तेव्हा काही जणांनी दोन तुकड्या केल्या. पहिल्या तुकडीने कंपनीचा तयार ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते ते शब्दांत लिहून काढायचे, पण स्वतः ड्रायव्हर लिहायचा नाही. दुसऱ्या तुकडीने कंपनीचा ड्रायव्हर न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा लिहायचा. म्हणजे संहितेची चोरी केली असा आळ कोणावर येऊ नये. कंपनीने न दिलेली पुस्तिका परक्या लोकांनी अशी बाहेरून लिहून काढली! जून २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्समध्ये दाखल झाला. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपांसाठी आपण होऊन खुला ड्रायव्हर दिला. चार वर्षांचा हा प्रवास. पण जी गोष्ट देता येणारच नाही असे वाटत होते, ती अखेर देता आली.

कारखानदार पुस्तिका का देत नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याला आपली युक्ती कळेल ही भीती असते. चिपेतला काही भाग दुसऱ्याकडून करारावर घेतलेला असतो. वायफायसारख्या वस्तूत किती शक्तीने लहरी सोडाव्यात याचे सरकारी नियम असतात, आणि कोणी ते मोडले तर दोष आपल्यावर येईल असेही वाटते. कारणे खोटी नाहीत. पण कार्ड विकून पैसे घेतले, आणि त्याच्याशी बोलायचे कसे ते मात्र सांगणार नाही, हे गिऱ्हाइकाला कसे पटावे? १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात डायमंड कंपनीची चित्रकार्डे लोकप्रिय होती. पण ती माहिती देईना, म्हणून मुक्त प्रणालीवर चित्र उमटविणाऱ्या एक्सफ्री८६ मंडळींनी ती कार्डे चालत नाहीत असे आपल्या कागदपत्रांत नोंदविले. पुढे कंपनीने धोरण बदलले, आणि ते बदलल्याचीही नोंद त्याच कागदपत्रांत झाली. शिवीगाळ नाही, मोर्चा नाही. ‘चालत नाही’ हे दोन शब्द, आणि नंतर ते खोडणे.

२००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या लिनक्सच्या जाणत्या प्रोग्रामरने कंपन्यांना एक खुले निमंत्रण दिले. आपल्या यंत्राची माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देतो. माहिती गुप्त ठेवण्याच्या करारावर सही हवी असेल तर तीही करतो, फक्त ड्रायव्हरची संहिता खुली राहील. त्याच वर्षी सप्टेंबरात एएमडी कंपनीने आदल्या वर्षी विकत घेतलेल्या एटीआयच्या चित्रकार्डांची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याची घोषणा केली, आणि शेकडो पाने खरोखरच बाहेर आली. दुसरीकडे एनव्हिडिया कंपनीने आपले दार बंद ठेवले. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी तिच्याविषयी असे शब्द काढले आणि असा हातवारा केला, की ते येथे छापता येणार नाहीत. मे २०२२ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याकडचा भाग खुला केला. सगळे दार उघडले असे नव्हे. वरचा भाग त्या वेळी बंदच राहिला. पण फट पडली खरी.

आता या इतिहासातला सर्वांत नाजूक वाद. आजच्या बहुतेक चिपांना चालू होताना आत भरावा लागणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर पुष्कळदा कंपनीचे बंद गाठोडे असते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या प्रणालीने व्रत घेतले होते, की आपल्या अधिकृत सीडीवर मुक्त नसलेले काही ठेवायचे नाही. व्रत चांगले, पण नवशिक्याची गत काय झाली ते बघा. वायफाय चालायला फर्मवेअर हवे, फर्मवेअर उतरवून घ्यायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे! किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, तशातली गोष्ट. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान केले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत सीडीत आले. कोणी म्हणेल, व्रत मोडले. माझ्या मते त्यांनी एक गोष्ट मोडली नाही, आणि तीच महत्त्वाची : ही गाठोडी त्यांनी मुक्त संहितेत मिसळली नाहीत. त्यांच्यासाठी निराळा विभाग केला आणि त्यावर ‘मुक्त नाही’ अशी चिठ्ठी लावली. यादीचा धर्म तो हाच. गरजेपुरती तडजोड करावी, पण तडजोडीला तडजोडच म्हणावे.

आपल्या देशातही सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये डेबियनच्या पायावर बॉस नावाची भारतीय प्रणाली काढली. मराठीसह भारतीय भाषांतून ती वापरता यावी हा तिचा हेतू. सी-डॅकचे मुख्यालय पुण्याचे, आणि बॉसचे काम चेन्नई केंद्रातले. तिच्याही वाटेत हाच प्रश्न होता. पडद्यावर मराठी किती का सुरेख उमटेना, समोरच्या शाळेतल्या किंवा कचेरीतल्या जुन्या छपाईयंत्रातून ती कागदावर आली नाही, तर वापरणारा म्हणणार, "हे काही चालत नाही." प्रणाली कोणत्याही देशाची असो, तिची परीक्षा शेवटी टेबलावरच्या यंत्रापाशीच होते.

यादीत नावे चढतात तशी उतरतातही. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सची ३.८ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून ३८६ या प्रोसेसरचा आधार काढून टाकण्यात आला. म्हणजे ज्या जातीच्या संगणकासाठी विद्यार्थी टोरवाल्ड्सने ही प्रणाली लिहिली, त्यावरच ती आता चालत नाही! जुन्या चिपेसाठी ठेवलेल्या आडवळणांचा भार नव्यांना किती दिवस वाहायला लावायचा, असा तो हिशेब होता. वाईट वाटले तरी कारण सांगून आणि तारीख घालून ते केले गेले. कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होते, हे आजही कोणालाही पाहता येते.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. तिच्या पुढच्या प्रणालीला नव्या जातीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट चिप लागते. म्हणून धडधाकट असलेले कितीतरी संगणक अधिकृतपणे बाद ठरले. एखाद्या शाळेतले, ग्रंथालयातले, आपल्या घरातले यंत्र त्यात असू शकेल. ते भंगारात जावे की आणखी चारसहा वर्षे मुलांच्या हाती राहावे, हे पुष्कळदा एका ओळीवर ठरते : अमुक लॅपटॉप, अमुक क्रमांकाची वायफाय चिप, लिनक्सवर चालते. ती ओळ कोणीतरी अनोळखी माणसाने, बहुधा एक पैसाही न घेता, लिहून ठेवलेली असते.

तेव्हा वाचकहो, जुन्या यंत्रावर मुक्त प्रणाली घालून पाहण्याचा योग आपल्याला आला, तर माझी विनंती एवढीच. आधी यादी पाहा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, आतला क्रमांक वाचा. आणि सगळे जमले की उठून जाऊ नका. काय चालले, काय अर्धवट चालले, काय चालले नाही, ते आवृत्ती आणि तारखेसह लिहून पाठवा. चालले नाही तर लाजू नका. ती नोंद जास्त हवी आहे. दुकानदाराकडे जाणाऱ्या पुढच्या माणसाच्या रुमालाला बांधायला तेवढे तरी आपण दिले पाहिजे.